टाकी उपाशी ठेवू नये

पंचांगात आश्विन छापलेला असला तरी आमच्या तोंडात क्वारच येतो. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलं की महिनेसुद्धा शेजाऱ्यांचे होऊन जातात. हा क्वार मोठा खोटारडा महिना. पहाटे पाय गार पडतात, पांघरूण शोधावं लागतं, आणि दुपारी असं ऊन पडतं की जेठ परवडला. लक्ष्मी गेटापाशी हातगाड्यांवर उकडलेले काळे शिंगाडे येतात. सकाळी पोरी ओट्यांवर रंग भरत नौरत्याची, म्हणजे इथल्या भोंडल्याची, गाणी म्हणतात, आणि देवीच्या मंडपातला भोंगा दिवसभर एकच भजन ओरडत बसतो. लोकांना या महिन्यात हुरूप येतो. मला हा महिना नको होतो.

काल भंगारवाला गल्लीतून ओरडत गेला. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, “अहो, बोलावू का त्याला? जिन्याखालचं…” मी तिच्याकडे कसं बघितलं कोण जाणे, ती पुन्हा पोळ्या लाटायला लागली. जिन्याखाली अण्णांची फटफटी उभी आहे. जुन्या मच्छरदाणीनं झाकलेली. हिला मोटरसायकल म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. ते फटफटी म्हणायचे, म्हणून आम्ही फटफटी म्हणतो. ते गेले, आणि मागच्या माघात आईही गेली. आता हा शब्द घरात मी एकटाच वापरतो, तोही मनातल्या मनात. लेक नोएडाला असते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की हिंदीत उत्तर देते. “बाबा, उसको बेच दो ना.” झालं. एवढं सोपं असतं तर काय हवं होतं.

अण्णा वीज खात्यात होते. लाइनी तपासायला गावोगाव हिंडायचे, आणि समथरचा फेरा असला की मला सुट्टीत मागं बसवून न्यायचे. दिवसभर माणूस हिंदीत बोलायचा, खेड्यात तर अस्सल बुंदेलीत. पण फटफटीवर बसलं की मराठी सुरू. इंजिनाच्या वरताण ओरडून बोलावं लागायचं. “घट्ट धर रे!” “तो बघ नीळकंठ!” “आईला सांगू नकोस जिलबी खाल्ली म्हणून!” वारा निम्मे शब्द घेऊन जायचा. उरलेले माझ्या कानात धुळीसकट शिरायचे. माझं मराठी मी शाळेत शिकलो नाही, पुस्तकातून तर नाहीच नाही. ते मी समथरच्या रस्त्यावर, अण्णांच्या पाठीला गाल लावून शिकलो.

त्या फटफटीच्या आवाजात एक खोकला होता. नीट चालता चालता मध्येच एक ठोका चुकायची, खाकरायची, आणि पुन्हा चालू लागायची. मिस्त्री लोक म्हणायचे, काढून टाकू. अण्णा म्हणायचे, राहू दे, बायकोला कळतं मी आलो. आणि आईला खरंच कळायचं. गेटापाशी खोकला ऐकू आला की चुलीवर चहाचं आधण चढायचं. गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून अण्णा नुसतेच गडगडत आले, तर आज साहेबाशी वाजलंय हे ओळखून ती आम्हा पोरांना आत पिटाळायची. नवऱ्याचा चेहरा तिनं नंतर पाहिला असेल. आधी ती आवाज वाचायची.

आमचे पूर्वज इथे घोड्यावरून आले, असं घरात सांगतात. कुणाच्या पदरी आले, काय पराक्रम केला, ते मला विचारू नका. पराक्रम केला असता तर आज त्यांचा पणतू चष्मे विकत बसला नसता. त्या काळातली एक तलवार उरली आहे, एक कट्यार, आणि खंडेनवमी. बाकी झाशीला नवरात्र म्हणजे देवी. आमच्याकडे नवमी म्हणजे हत्यारांची. तलवार, कट्यार, आईची विळी, अडकित्ता, अण्णांचे पाने, पुढे माझे चष्म्याचे स्क्रू पिळायचे बारके पेचकस, सगळं ओळीनं मांडायचं, झेंडू वाहायचा. आणि शेवटी घोडा. घोडा केव्हाच नाही, म्हणून त्याच्या जागी फटफटी.

आई ग्वाल्हेरची. तिच्या माहेरी तिच्या लहानपणापर्यंत खरा घोडा होता, टांग्याचा का होईना. नवमीला त्याला आंघोळ घालायची, पाणी पाजायचं, भिजवलेले हरभरे भरवायचे. तो प्यायल्याशिवाय घरात कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा दारात घोड्याऐवजी हे धूड उभं. पहिल्या नवमीला तिनं नारळ फोडायचा कुठे म्हणून थेट टाकीवरच आपटला. टाकीला वाटीएवढा पोचा पडला! सासरी आल्याआल्या हा पराक्रम. अण्णा म्हणे इतके हसले की ओवाळायचं राहून गेलं. मग त्यांनी तिच्या हातातले हरभरे घेतले, फटफटीच्या दिव्यापुढे मूठ धरली आणि म्हणाले, “खा बाई, खा. नवी मालकीण आलीय, मारकी आहे.” तेव्हापासून दर नवमीला ते दिव्यापुढे मूठभर हरभरे धरायचे, ओठांनी च्यक्‌ च्यक्‌ करायचे, आणि मग ते हरभरे आम्हा पोरांना वाटून टाकायचे. सगळी थट्टा होती. माझ्या लहानपणातलं सगळ्यात मोठं हसू त्या नवमीचं आहे.

आणखी एक गोष्ट ते म्हणायचे, पण ती थट्टेनं नाही. पेट्रोल भरून आले की झाकण लावताना टाकीवर थाप मारत म्हणायचे, “टाकी कधी उपाशी ठेवू नये. रिकामी राहिली की आतून गंजते.” आईनं हे शेकडो वेळा ऐकलं असेल.

अण्णा गेले तेव्हा माझी गौरी रांगत होती. घरात रांगतं मूल, जिन्याखाली पेट्रोल, म्हणून टाकी उपसून फटफटी झाकून ठेवली. मला स्कूटर पुरत होती. फटफटी वर्षातून एकदा मच्छरदाणीतून बाहेर यायची, नवमीला. मी फुलं वाहायचो, नमस्कार करायचो आणि दुकानाला पळायचो, कारण सणाची गिऱ्हाइकं असतात. मागचं सगळं आई करायची.

तर तो एक क्वार. अजून डोक्यातून जात नाही.

त्याच्या आदल्या क्वारात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. काचबिंदू, इथे काला मोतिया म्हणतात. उशीर झाला होता. जो काही उजेड शिल्लक होता तोही विझला. मी निम्म्या शहराच्या डोळ्यांवर चष्मे चढवले, गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून लावून म्हातारा झालो, आणि घरात आई भिंत चाचपत संडासला जाते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लोक दुकानात विचारायचे, “माताजी की आँखें कैसी हैं, भैया?” मी काच पुसत बसायचो.

पितृपक्षात अण्णांच्या तिथीला जेवणं आटोपली. आई ओट्यावर बसली होती, तोंड गल्लीकडे. दिसत नव्हतं तरी बसायची तिकडेच तोंड करून. मला म्हणाली, “नंदू, फटफटी सुरू होईल का रे?”

“कशाला गं आता?”

“दिसायचं तर संपलं. ऐकू येतंय तोवर एकदा ऐकव. त्यांचा चेहरा मला आठवेनासा झालाय बघ. फोटो तरी कुठे दिसतो? आवाज ऐकला तर आठवेल.”

मी म्हटलं, “एवढंच ना? नवमीला ऐकवतो. गेटापासून वाजवत आणतो.” मोठा शहाणा! हे बोलताना मला वाटत होतं, जगात एक तरी गोष्ट अशी आहे जी मी या बाईला देऊ शकतो. डोळे नाही देऊ शकलो, हे देईन.

ओरछा गेटाजवळ बब्बू मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, एक लिंब आणि त्याखाली सांडलेलं काळं तेल. बब्बू अण्णांना ओळखणारा. तोंड म्हणजे नुसता पट्टा, आणि प्रत्येक रोगावर एकच औषध: “हो जैहै,” म्हणजे होऊन जाईल. हातगाडीवर फटफटी चढवून आम्ही गल्लीतून निघालो तेव्हा आई दारात आली. चाचपत तिनं हँडलला हात लावला, कुणी प्रवासाला निघालेल्याच्या गालाला लावतात तसा. “सांभाळून रे,” म्हणाली. मला की फटफटीला, कळलं नाही.

बब्बूनं किक मारली. किक हललीच नाही. उभा राहून अंगाचं वजन टाकलं, तरी नाही. “जाम है. कोई बात नईं. हो जैहै.” प्लग काढून त्या भोकातून रॉकेल सोडलं, म्हणाला, मुरू दे. मग टाकीचं झाकण फिरवलं. तेही गंजून बसलेलं, फडकं लावून पिळून काढावं लागलं. त्यानं आत डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. टाकी उतरवून परातीत उलटी केली.

आधी लाल चिखल आला. विटेच्या रंगाचा, घट्ट. त्याला वास पेट्रोलचा नव्हता, विहिरीच्या तळाचा होता. मग त्या चिखलातून एकेक वस्तू निघायला लागली. काळी पडलेली तुळशीची पानं. तांदळाचे दाणे, कुंकवाचा लाल अजून थोडा धरून ठेवलेले. आणि फुगून, कुजून, पुन्हा वाळून दगड झालेले हरभरे. मूठभर नाही, ओंजळभर.

बब्बू हसत म्हणाला, “काए नन्दू भैया, जा टंकी है कै तुलसी को गमला? जा में कौन ने पानी भर दओ?”

मला काही विचारावं लागलं नाही. परातीतलं बघितल्याबरोबर सगळं कळलं. मी तिथल्याच टायरवर बसलो. दर वर्षी मी दुकानाला पळाल्यावर ती झाकण उघडत होती. बेतवा नदीच्या पाण्याचा गडू टाकीत रिकामा करत होती, वरून हरभरे, तुळस, अक्षता. तळाचा पेट्रोलचा कॉक केव्हाच सडला होता, पाणी झिरपत झिरपत इंजिनात उतरलं. इतकी वर्षं.

घरी आलो. आई माझी पावलं ओळखून म्हणाली, “काय म्हणतो बब्बू?” मी म्हटलं, बघतोय, टाकी उघडली आज. एवढं म्हणायचा अवकाश, तिचा चेहरा उजळला. “मी तिला कधी उपाशी नाही हो ठेवलं! हे म्हणायचे ना, टाकी रिकामी राहिली की गंजते? घरात पेट्रोल आणायची तुम्ही सोय ठेवली नाहीत. मग मी म्हटलं, जनावर ते जनावर. पाणी तरी पोटात जाऊ दे. ताज्या पाण्याचा गडू, नैवेद्याचे हरभरे. तुम्हा कुणाला आठवण नसायची. मी विसरले नाही.” आणि मग एकदम आवाज उतरला. “एक गेलं वर्ष सोडून. डोळ्यांचं ऑपरेशन होतं ना, वाकायला बंदी. राहून गेलं.”

मी “बरं” म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो. नळ सोडून कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो.

एखाद्यावर रागावता आलं तर बरं असतं, दुःखाला कुठेतरी टेकायला जागा मिळते. इथे कुणावर रागावू? बाई काय चुकली? तिनं नवऱ्याचा शब्द पाळला, माहेरची रीत पाळली, आणि दोन्ही मिळून तिनं आपल्या हातांनी ती गोष्ट मारली जी तिला सगळ्यात प्रिय होती. तलवारीला आम्ही दर वर्षी तेल लावत आलो. जिचा कुणाला काडीचा उपयोग नाही ती तलवार लखलखीत आहे. जी चालायची, बोलायची, तिला आंघोळी घातल्या.

त्या दिवसांत दुकानात बसून मला भलतेसलते विचार यायचे. आमच्या भाषेचंही आम्ही हेच केलं असं वाटायचं. गणपतीत आरत्या मराठी, मंगळागौरीची गाणी मराठी, लग्नात मंगलाष्टकं मराठी. वर्षातून एकदा बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायचं, डोळे भरून बघायचं आणि झाकून ठेवायची. चालवायची कुणी? गौरीला मी कधी मागं बसवून समथरला नेलं? आता ती आजीशी फोनवर बोलायची तेव्हा दोन्हीकडून नुसती पूजा चालायची. “आजी, तब्येत कशी आहे?” “बरी आहे हो बाळ.” “जेवली का?” “जेवले.” पुढे शब्द नसायचे. आई फोन कानाला धरून बसून राहायची, आणि तिकडून ती म्हणायची, “अच्छा आजी, रखती हूँ.”

घट बसले. रोज एक माळ चढायची आणि रोज संध्याकाळी आईचा एकच प्रश्न. “आज काय केलं रे?” मी खोटं बोलायचो असं नाही. खरं थोडं थोडं सांगायचो. कार्ब्युरेटर साफ केला. नवी तार टाकली. सीट शिवायला दिली. ती मान हलवायची, आणि ओट्यावर बसून गेटाकडून येणाऱ्या प्रत्येक इंजिनाला कान द्यायची. “ही नाही,” पुटपुटायची. “ही पण नाही.” नवरात्राचा उपास तिला झेपत नव्हता तरी तिनं सोडला नाही. म्हणाली, ती सुरू झाली की सोडेन. हे ऐकल्यावर तर माझा जीव टांगणीलाच लागला.

तिकडे बब्बूनं टाकीत खडी आणि साखळी घालून खळखळवली, गंज सुटावा म्हणून. गंज सुटला आणि त्याबरोबर पत्राही. उन्हात धरली तर तळातून उजेड दिसत होता. पण टाकी काय, डाग देता येतो. खरं मरण आतमध्ये होतं. पिस्टन रॉकेलला दाद देईना, डिझेलला देईना. शेवटी लाकडी ठोकळा ठेवून बब्बूनं घण घातला. मी समोर होतो. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पिस्टन तर फुटलाच, ब्लॉकलाही वरपासून खालपर्यंत तडा गेला. बब्बूनं घण खाली ठेवला. मग म्हणाला, “अब नईं हो पैहै, भैया. जाको सामान अब कऊँ नईं मिलत.” बब्बूच्या तोंडून “हो जैहै” नाही आलं, तेव्हा मी समजून चुकलो.

मी रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, भर रस्त्यात, लिंबाखाली, तेलकट टायरवर बसून हुंदके देऊन रडलो. शिंगाडेवाला गाडी थांबवून बघत होता. मला लाज वाटली नाही. मला इतकंच वाटत होतं की मी आईला एक गोष्ट कबूल केली होती, आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही मागितलं होतं, आणि ते आता पृथ्वीच्या पाठीवर कुठेच उरलेलं नाही.

बब्बूला दया आली असावी. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, त्याच्या साढूकडे समथरला हुबेहूब अशीच गाडी आहे, चालू. नवमीला मागून आणतो. “माताजी खों दिखात तो है नईं. का पता परहै?” मी त्याला शिवी दिली. घरी येईपर्यंत विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन म्हटलं, आण.

नवमीच्या सकाळी मी आईला ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं. तिनं अण्णांना आवडायचं ते हिरवं लुगडं नेसलं होतं. बायकोनं विचारलंही, “तुम्ही हे काय करताय?” मी तिला गप्प केलं. आमची फटफटीही परत आली होती, म्हणजे तिचा सांगाडा: चाकं, सीट, लापीनं भोकं बुजवून वर रंग मारलेली टाकी, आणि पोटात पोकळी. ती बोळात, जिन्यापाशी उभी होती. आणि गेटाकडून बब्बू साढूची गाडी वाजवत आला.

काय सुंदर वाजत होती! धड्‌ धड्‌ धड्‌, सगळी गल्ली भरून गेली. शेजारीपाजारी बाहेर आले. कुणीतरी म्हणालं, “अरे, अन्ना साब आ गए!” माझ्याच अंगावर काटा आला. मी आईकडे बघत होतो. ती ताठ बसली होती, हात खुर्चीच्या हातांवर, मान थोडी तिरकी. वाट बघत होती. त्या एका चुकणाऱ्या ठोक्याची, त्या खोकल्याची वाट बघत होती. मी तो विसरलोच होतो. गाडी एकसारखी वाजत राहिली, निरोगी, एकही ठोका न चुकता.

बब्बूनं बंद केली. आई शांतपणे म्हणाली, “छान वाजते. ज्याची आहे त्याला म्हणावं, जप हो.” आणि माझ्याकडे हात पुढे केला. “चल. आपलीची पूजा राहिलीय. मुहूर्त टळेल.”

रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिला धरून बोळात आणलं. तिनं टाकीवर हात फिरवला, तिचा तो नारळाचा पोचा सापडला, तिथे हात थांबला. “नाही ना झाली सुरू?” म्हणाली. मी म्हटलं, “नाही आई.” “मला माहीत होतं रे. माझंच चुकलं. गेल्या वर्षी पाणी घालायचं राहून गेलं. इतकी वर्षं पाजलं आणि एक वर्ष उपाशी ठेवलं. तेवढ्यानं गेली बिचारी.”

माझ्या जिभेवर आलं होतं. आई, त्या एका वर्षानं नाही गेली, हे म्हणणं किती सोपं होतं! पण मग कशानं, असं तिनं विचारलं असतं. एका वर्षाचं ओझं उतरवायला मी तिच्या डोक्यावर वीस वर्षांचं ओझं ठेवायचं का? माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, “असू दे गं, आई,” आणि एवढंच म्हटलं याचं मला आजही वाईट वाटतं आणि दुसरं काय म्हणायला हवं होतं ते आजही सुचत नाही.

तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ हँडलला घातली. मग बायकोच्या हातून गडू घेतला. “झाकण उघड,” म्हणाली. मी उघडून धरलं. तिनं एका हातानं टाकीचं तोंड चाचपलं, दुसऱ्या हातानं गडू तिरका केला. रिकाम्या पत्र्यात पाण्याचा आवाज झाला. “पी गं बाई,” आई म्हणत होती. “पोटभर पी. यंदा जास्त घातलंय.”

बब्बूच्या लापीनं दम धरला नाही. टाकीच्या पोटाखालून पहिला थेंब फरशीवर पडला. टप्‌. मग दुसरा. आईचे हात थांबले. कान तिकडे वळला.

“नंदू, कुठे गळतंय का रे?”

मी वाकलो आणि टाकीखाली तळहात धरला. पाणी हातात पडायला लागलं, आवाज बंद झाला. “नाही गं,” मी म्हटलं. “कुठे काय?”

ती पुन्हा ओतू लागली. माझी ओंजळ भरली. सांडली तर ऐकू जाईल म्हणून मी हात हळूच तिरका केला, तसं ते लाल पाणी मनगटावरून आत, सदऱ्याच्या बाहीतून कोपरापर्यंत उतरलं. गार होतं. बायको तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. आईनं गडू उपडा करून झटकला, टाकीवर थाप मारली, आणि किती तरी दिवसांनी तिच्या तोंडावर समाधान दिसलं.

“बघ,” ती म्हणाली, “सगळं प्यायली.”

“हो आई,” मी म्हटलं. “सगळं प्यायली.”